यकृत नवे, लोह जुने

छावणी आणि शहर यांच्यामधून खाम नदी वाहते. तिच्यावरचा लोखंडी पूल छावणीकरांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या परिचयाचा आहे. त्या पुलाकडे पाहताना लोखंडाचे दोन गुण सहज ध्यानात येतात. ते भार पेलते आणि हवापाण्याच्या संगतीत त्याला गंज चढतो. मानवी देहातील लोहाची रीतही याहून फार निराळी नाही. रक्तातून प्राणवायू वाहून नेण्याचे काम त्याच्याच आधारे चालते. परंतु गरजेहून अधिक साठले, की ज्या अवयवात ते साठते त्यालाच ते आतून पोखरू लागते.

छत्रपती संभाजीनगरात अशी कुटुंबे आहेत, ज्यांच्या घरच्या कॅलेंडरवर दर तिसऱ्या-चौथ्या आठवड्याची एक तारीख रक्त चढवण्यासाठी राखून ठेवलेली असते. कधी घाटी रुग्णालय, कधी एखादी रक्तपेढी, कधी खासगी दवाखाना. मूल थॅलेसेमियाचे असते आणि रक्ताच्या पिशवीवाचून त्याचे हिमोग्लोबिन टिकत नाही. पहिली काही वर्षे आईवडिलांची सारी धावपळ रक्त मिळवण्याची असते. पुढे डॉक्टर फेरिटिन नावाच्या एका तपासणीचा आकडा वारंवार विचारू लागतात आणि मग घरात एक नवी चिंता प्रवेश करते. यकृत सुजले, पुढे निकामी झाले, तर ते बदलता येईल का? आणि बदललेले यकृत टिकेल का?

या प्रश्नाचे उत्तर गेल्या तीस वर्षांत बरेच बदलले आहे. ते समजण्यासाठी प्रथम शरीरातील लोहाचा जमाखर्च पाहावा लागतो.

निरोगी प्रौढ माणसाच्या संपूर्ण देहात सुमारे ३ ते ४ ग्रॅम लोह असते. त्यातील मोठा भाग रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये गुंतलेला असतो आणि बराचसा उरलेला साठा यकृतात असतो. आहारातून दररोज अवघे १ ते २ मिलिग्रॅम लोह शोषले जाते आणि तेवढेच त्वचेच्या व आतड्याच्या झडणाऱ्या पेशींवाटे बाहेर जाते. येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. जास्तीचे लोह मुद्दाम बाहेर टाकण्याची कोणतीही व्यवस्था निसर्गाने माणसाच्या शरीरात ठेवलेली नाही. या खात्यात भरणा करता येतो. पैसे काढण्याची खिडकीच नाही. म्हणून जे काही नियंत्रण आहे, ते भरण्याच्या वेळीच ठेवावे लागते. हे नियंत्रण यकृतात तयार होणारे हेप्सिडिन नावाचे संप्रेरक करते. साठा पुरेसा झाला, की हेप्सिडिन वाढते आणि आतड्यातून रक्तात येणाऱ्या लोहाची वाट बंद होते. २००१ च्या सुमारास हेप्सिडिनचे हे कार्य उलगडले आणि लोहाच्या विकारांकडे पाहण्याची वैद्यकाची दृष्टी पालटली.

लोहाचा अतिरेक दोन प्रमुख मार्गांनी होतो. पहिला मार्ग आनुवंशिक आहे. त्यास हिमोक्रोमॅटोसिस म्हणतात. फ्रान्समधील त्रूसो यांनी १८६५ मध्ये या आजाराचे वर्णन केले आणि जर्मनीतील फॉन रेक्लिंगहाउसेन यांनी १८८९ मध्ये त्यास हे नाव दिले. त्याचे प्रमुख जनुक मात्र १९९६ मध्ये सापडले. जनुकातील दोषामुळे हेप्सिडिन कमी पडते आणि पोटात गेलेले लोह गरज नसतानाही शोषले जाते. दररोज दोन-तीन मिलिग्रॅम जास्तीचे म्हटले तर फार वाटत नाही. पण वर्षाला ते सुमारे १ ग्रॅम होते आणि पंचवीस-तीस वर्षांत देहातील साठा कित्येक पटींनी वाढतो. त्यामुळे पुरुषांत हा आजार बहुधा चाळिशी-पन्नाशीत प्रकट होतो. मासिक पाळीमुळे स्त्रियांत तो आणखी उशिरा दिसतो. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत साधारणपणे दर दोनशे-अडीचशे व्यक्तींमागे एकाला या दोषाची दुहेरी प्रत मिळालेली असते. भारतात जनुकाचा हा विशिष्ट दोष अतिशय विरळ आहे. इतर जनुकांमुळे होणारे प्रकार येथे अधूनमधून आढळतात.

आपल्याकडील लोहातिरेकाचा मोठा मार्ग दुसरा आहे, तो म्हणजे वारंवार चढवावे लागणारे रक्त. रक्ताच्या एका पिशवीतून सुमारे २०० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते. महिन्याला दोन पिशव्या लागणाऱ्या मुलाच्या देहात वर्षभरात २४ पिशव्यांमधून ४,८०० मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ ५ ग्रॅम लोह येते. धडधाकट प्रौढाच्या अंगात आयुष्यभर जेवढे लोह असते, त्याहून अधिक भर या बालकाच्या अंगात एका वर्षात पडते. शिवाय थॅलेसेमियात अस्थिमज्जेची रक्त तयार करण्याची निष्फळ धडपड चालू असते आणि त्या धडपडीमुळे हेप्सिडिन दबते. त्यामुळे आतड्यातूनही लोहाचे शोषण वाढते. भारतात थॅलेसेमियाचे वाहक लोकसंख्येच्या ३ ते ४ टक्के मानले जातात आणि दरवर्षी सुमारे १० हजार बालके तीव्र थॅलेसेमिया घेऊन जन्मतात. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा काही समाजांत वाहकांचे प्रमाण अधिक आहे. मात्र कोणताही समाज त्यातून पूर्णपणे सुटलेला नाही.

साठलेले लोह यकृताच्या पेशींत प्राणवायूशी प्रक्रिया करते आणि त्यातून पेशींना इजा करणारे घटक निर्माण होतात. वर्षानुवर्षे ही इजा होत राहिली, की यकृतात तंतुमय व्रण तयार होतात, पुढे सिरॉसिस होतो आणि काही रुग्णांत यकृताचा कर्करोगही उद्भवतो. यकृताची कोठारे भरली, की लोह हृदयाच्या स्नायूत, स्वादुपिंडात आणि अंतःस्रावी ग्रंथींत उतरते. त्यातून हृदयाची लय बिघडते, मधुमेह जडतो, मुलांची वाढ खुंटते. यकृत प्रत्यारोपणाच्या यशापयशाचे मूळ नेमके येथे आहे. शल्यचिकित्सक यकृत बदलतो. हृदयात आणि स्वादुपिंडात आधीच जमलेले लोह मात्र रुग्णाबरोबरच शस्त्रक्रियेच्या टेबलावर येते आणि शस्त्रक्रियेनंतरही त्याच्याबरोबरच राहते.

यकृत प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न अमेरिकेतील डॉ. थॉमस स्टार्झल यांनी १९६३ मध्ये केला. भारतात १९९४ मध्ये मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला आणि १९९८ मध्ये दिल्लीत एका बालकावर पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण झाले. लोहातिरेकाच्या रुग्णांचे प्रारंभीचे निकाल मात्र निराशाजनक होते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासानुसार आनुवंशिक हिमोक्रोमॅटोसिसच्या रुग्णांपैकी प्रत्यारोपणानंतर एक वर्षाने ६४ टक्के आणि पाच वर्षांनी अवघे ३४ टक्के हयात होते. इतर कारणांसाठी प्रत्यारोपण झालेल्यांच्या तुलनेत हे आकडे फारच खालचे होते. मृत्यूची मुख्य कारणे दोन होती : हृदयविकार आणि जंतुसंसर्ग. अनेक रोगजंतूंना आणि बुरशींना वाढीसाठी लोह हवे असते. प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावीच लागतात. लोहाने भरलेला देह आणि दाबलेली प्रतिकारशक्ती असा संयोग झाला, की संसर्गाला मोकळे रान मिळते.

पुढे चित्र बदलले. अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदींचे विश्लेषण २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात १९९० ते १९९६ या काळातील लोहातिरेकाच्या रुग्णांचे आयुर्मान इतरांहून कमी आढळले. १९९७ ते २००६ या काळात मात्र हा फरक जवळजवळ नाहीसा झाला होता. सर्वसाधारण प्रत्यारोपणाचे तंत्र या काळात सुधारलेच होते. त्याच्या जोडीला जनुकीय चाचणीमुळे रोगनिदान लवकर होऊ लागले आणि शस्त्रक्रियेपूर्वी हृदयाची कसून तपासणी करण्याची व साठलेले लोह शक्य तितके उतरवण्याची शिस्त रुळली. थोडक्यात, निकाल सुधारण्यात शस्त्रक्रियागृहाइतकाच वाटा त्याच्या आधीच्या तयारीचा आहे.

प्रत्यारोपणानंतर काय घडते, याबाबत वर सांगितलेल्या दोन मार्गांत मोठे अंतर आहे. आनुवंशिक हिमोक्रोमॅटोसिसमध्ये दोष यकृतातील हेप्सिडिनच्या निर्मितीत असतो. दात्याचे निरोगी यकृत स्वतःचे हेप्सिडिन योग्य प्रमाणात तयार करते. फ्रान्समधील संशोधकांनी अशा रुग्णांत प्रत्यारोपणानंतर हेप्सिडिनची पातळी पूर्ववत झाल्याचे दाखवून दिले आहे. म्हणजे नव्या यकृताबरोबर जुन्या आजाराचे मूळच जाते. थॅलेसेमियात तसे होत नाही. तेथे दोष अस्थिमज्जेत असतो. यकृत कितीही उत्तम मिळाले, तरी रक्त चढवणे चालूच राहते आणि प्रत्येक पिशवीबरोबर २०० मिलिग्रॅम लोह नव्या यकृताच्या खात्यावर जमा होत राहते. अशा रुग्णांत यकृत प्रत्यारोपणाची उदाहरणे जगभरातच मोजकी आहेत. ते अशक्य नाही. परंतु हृदय सशक्त असणे आणि लोह उतरवणारी औषधे पुढेही निष्ठेने घेणे या दोन अटींवर ते उभे असते. पूर्वी रक्तातून आलेल्या हिपॅटायटिस सी या विषाणूमुळेही थॅलेसेमियाच्या अनेक रुग्णांचे यकृत दुहेरी माऱ्यात सापडले होते. आता रक्ताच्या पिशवीची या विषाणूसाठी तपासणी सक्तीची आहे आणि तोंडाने घेण्याच्या औषधांनी हा संसर्ग बहुतेकांत पूर्ण बरा होतो.

थॅलेसेमियावर मुळापासून उपाय म्हणजे अस्थिमज्जा प्रत्यारोपण. भारतात ते प्रथम १९८६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये झाले. त्याचा निकालही यकृतातील लोहाशी बांधलेला आहे. इटलीतील पेसारो येथे डॉ. गुइदो लुकारेली यांच्या पथकाने रुग्णांची वर्गवारी तीन बाबींवरून केली : यकृत किती वाढले आहे, त्यात तंतुमय व्रण आहेत का आणि लोह उतरवण्याचे उपचार नियमित झाले आहेत का. तिन्ही बाबी प्रतिकूल असणाऱ्यांचे निकाल स्पष्टपणे वाईट होते. वयाच्या दुसऱ्या वर्षापासून औषधाची एकेक मात्रा न चुकवणारी आई आपल्या बाळाच्या भावी प्रत्यारोपणाचा निकालच घडवत असते, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

लोह उतरवण्याचे मार्गही दोन आहेत. आनुवंशिक प्रकारात ठरावीक दिवसांनी रक्त काढून टाकणे हा सर्वांत सोपा आणि स्वस्त उपचार होय. सुमारे ५०० मिलिलिटर रक्ताबरोबर २५० मिलिग्रॅम लोह बाहेर जाते. सिरॉसिस होण्याआधी हा उपचार सुरू झाला, तर प्रत्यारोपणाची वेळ बहुधा येतच नाही. थॅलेसेमियात रक्त काढता येत नाही. तेथे लोहाला बांधून लघवी किंवा शौचावाटे बाहेर नेणारी औषधे द्यावी लागतात. प्रारंभी डेफेरॉक्सामिन हे एकच औषध होते आणि ते छोट्या पंपाने त्वचेखाली रात्रभर, आठवड्यातून पाच-सहा रात्री द्यावे लागे. लहान मुलाच्या पोटाला रोज रात्री सुई टोचणे कोणत्या घराला सोसवेल? डेफेरिप्रोन हे तोंडाने घेण्याचे औषध १९९० च्या दशकाच्या मध्यास जगात प्रथम भारतात परवानगी मिळून बाजारात आले आणि ते आणणारी सिप्ला ही कंपनी मुंबईची. युरोपने १९९९ मध्ये आणि अमेरिकेने २०११ मध्ये त्यास मान्यता दिली. पुढे डेफेरासिरॉक्स हे दिवसातून एकदा घेण्याचे औषधही आले. या औषधांमुळे पांढऱ्या पेशी, मूत्रपिंड किंवा यकृत यांवर परिणाम होऊ शकतात. म्हणून तपासण्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेळच्या वेळी होणे आवश्यक असते.

साठा किती आहे, हे कळण्यासाठी फेरिटिन ही प्राथमिक चाचणी आहे. तिच्याबाबत दोन्ही टोकांच्या चुका घडतात. थॅलेसेमियाच्या घरात फेरिटिन अडीच-तीन हजारांवर असूनही ‘मूल खेळते आहे ना’ म्हणून दुर्लक्ष होते. उलट, सर्वसाधारण आरोग्य तपासणीत एखाद्याचे फेरिटिन चारशे निघाले, की घरभर घबराट पसरते. फेरिटिन ताप, सूज, मधुमेह, मद्यपान आणि विशेषतः यकृतातील चरबीमुळेही वाढते. गोडधोड व तळलेले पदार्थ आणि बैठे काम यांमुळे शाकाहारी घरांतही यकृतात चरबी साठण्याचे प्रमाण पुष्कळ आहे. तेव्हा फेरिटिनबरोबर ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन ही चाचणी पाहिली जाते. ती ४५ टक्क्यांच्या वर असेल, तर लोहातिरेकाचा शोध पुढे न्यावा लागतो. यकृतातील व हृदयातील लोह विशेष पद्धतीच्या एमआरआयने मोजता येते. हृदयाच्या या मोजणीस टी-टू-स्टार म्हणतात. तिचा आकडा २० मिलिसेकंदांच्या खाली गेला, की हृदयात लोह उतरल्याचे समजते आणि १० च्या खाली धोका फार वाढतो. प्रत्यारोपणाचा विचार करणाऱ्या रुग्णासाठी हा आकडा फेरिटिनहून महत्त्वाचा ठरतो.

आहाराविषयीही गैरसमज आहेत. लोखंडी तव्यावरची भाकरी किंवा कढईतली भाजी यांमुळे निरोगी माणसास लोहातिरेक होत नाही. रक्तक्षयाने त्रस्त असलेल्या आपल्या देशात तिचा लाभच अधिक. परंतु ज्याला लोहातिरेकाचे निदान झाले आहे, त्याने डॉक्टरांना विचारल्यावाचून लोहयुक्त टॉनिक आणि ‘क’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊ नयेत. थॅलेसेमियाचे मूल फिकट दिसते म्हणून शेजारच्यांच्या सल्ल्याने लोहाचे औषध पाजणे हे तर आगीत तेल ओतण्यासारखे आहे.

धातू आणि यकृत यांचे नाते ओळखून एक आजार जवळजवळ हद्दपार केल्याचे उदाहरण महाराष्ट्राच्याच खात्यावर जमा आहे. बालकांचा भारतीय सिरॉसिस हा जीवघेणा आजार एके काळी अनेक घरांत पाळणे रिकामे करीत असे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे यांनी ब्रिटनचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासमवेत १९८०च्या दशकात त्याचा शोध घेतला. तांब्या-पितळेच्या कल्हई नसलेल्या भांड्यांत तापवलेल्या व साठवलेल्या दुधातून तान्ह्या बाळांच्या यकृतात तांबे साठत होते. भांडी बदलली, आईचे दूध व स्टीलची पातेली यांचा आग्रह धरला गेला आणि हा आजार विरळ झाला. तेथे धातू तांबे होता, येथे लोह आहे. पण साठण्यापूर्वी रोखण्याचा धडा एकच.

तरीही काही रुग्णांना यकृत लागणारच. ते मिळण्याचे मार्ग दोन. नातलग आपल्या यकृताचा काही भाग देऊ शकतो. यकृत पुन्हा वाढते आणि भारतातील बहुसंख्य यकृत प्रत्यारोपणे अशीच होतात. आजार आनुवंशिक असेल, तर दाता होऊ इच्छिणाऱ्या भावंडाच्या लोहाची तपासणी आधी करावी लागते. दुसरा मार्ग मेंदूमृत दात्याचा. महाराष्ट्रात त्यासाठी मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रे आहेत. २०१६ च्या जानेवारीत, तेव्हाच्या औरंगाबादेत, मराठवाड्यातील पहिले असे अवयवदान झाले आणि अवयव विमानाने मुंबईस गेले. आपल्या समाजात नेत्रदानाची परंपरा चांगली रुजली आहे. पण नेत्रदान आणि यकृतदान यांतील फरक अनेकांना ठाऊक नसतो. डोळे घरी मृत्यू आल्यावरही सहा तासांच्या आत देता येतात. यकृत मात्र अतिदक्षता विभागात मेंदूमृत घोषित झालेल्या आणि हृदय अद्याप चालू असलेल्या व्यक्तीचेच देता येते. त्यासाठी चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करते. तो निर्णय नातलगांना अत्यंत दुःखाच्या घटकेला घ्यावा लागतो. म्हणून घरात त्याविषयीचे बोलणे आधीच झालेले असावे.

आणि सर्वांत आधीचे पाऊल याहून कितीतरी सोपे आहे. आईवडील दोघेही थॅलेसेमियाचे वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणी तीव्र आजाराची शक्यता २५ टक्के असते. वाहक स्वतः पूर्ण निरोगी असतो, त्यामुळे तपासल्यावाचून ते कळत नाही. रक्तातील हिमोग्लोबिन ए-टू मोजणारी एक चाचणी आयुष्यात एकदाच करावी लागते. ती ३.५ टक्क्यांहून अधिक निघाली, तर जोडीदाराची चाचणी अनिवार्य समजावी. दोघेही वाहक निघाले, तरी गर्भारपणाच्या १० ते १२ आठवड्यांदरम्यान गर्भाची तपासणी करून वेळीच कळू शकते. स्थळ पाहताना शिक्षण, नोकरी, घरदार यांची चौकशी आपण बारकाईने करतो. त्या बायोडाटात रक्ताच्या या एका आकड्याची ओळ वाढवली, तर कोणाच्याही प्रतिष्ठेस बाध येत नाही. साखरपुड्यापूर्वी दोन तरुणांनी मोकळेपणाने दाखवलेला तो कागद उद्याच्या एका बाळाच्या शेकडो रक्ताच्या पिशव्या, औषधांची वर्षे आणि कदाचित एक यकृत वाचवू शकतो.